नाण्याच्या कडेवरचं कुंकू

चौसाळ्याच्या त्या नाण्याचा गुन्हा मला आजही जसाच्या तसा आठवतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी आठवण सांगा म्हटलं की मी हीच सांगतो, आणि सांगताना छाती जरा फुगतेच. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही.

दिवाळी नुकतीच संपली होती. सकाळची हजेरी आटोपून मी प्रलंबित गुन्ह्यांचे कागद चाळत होतो. ठाणे अंमलदार एका गृहस्थांना आत घेऊन आला. चौसाळ्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान, कपाळावर विभूतीचे पट्टे, सारं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. रुमालात गुंडाळलेली एक प्लास्टिकची गोल डबी त्यांनी टेबलावर ठेवली.

"साहेब, माझं नाणं कुणीतरी बदललंय. आन् बदलणारी माझ्या घरातलीच हाय."

"कोण?"

"सून."

मला वाटलं, एखादं शिवकाळातलं नाणं असेल. निघालं अलीकडचं, सरकारी टांकसाळीनं कुठल्याशा समारंभानिमित्त काढलेलं चांदीचं. मी म्हटलं, "आप्पा, टांकसाळीतून असली हजारो नाणी निघतात. एक गेलं, दुसरं आलं. तक्रार कशाची?"

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या देवाला दगड म्हणालो. "जुन्या नाण्याला वय असतंय साहेब. नव्याला काय असतंय? नुस्तं अंग. अंगावर ओरखडा न्हाई, तरच त्याला मान."

मग त्यांनी मला समजावलं. ही खास नाणी आरशासारखी चकचकीत असतात. नुसत्या रुमालानं पुसलं तरी केसासारख्या बारीक रेघा उठतात, बोट लागलं तरी ठसा राहतो. तपासणारे लोक नाण्याला सत्तरपैकी गुण देतात आणि भिंगाखाली दिसणाऱ्या प्रत्येक खुणेपायी गुण उतरतो. एकदा का नाणं घासलं, की 'घासलेलं' असा शेरा पडतो आणि गुण मिळतच नाहीत. आप्पांच्या नाण्यावर एकच दोष होता. सालाच्या आकड्याखाली, काठाला लागून, खसखशीच्या दाण्याएवढा टोचा. त्या टोच्याला ते बरीच वर्षं शिव्या देत होते.

डबीतल्या नाण्यावर तो टोचा नव्हता. उलट सगळ्या अंगावर रेघाच रेघा होत्या.

"सुनेवर संशय कशावरून?"

"कपाटाची किल्ली कुठं ठिवतो ते तिलाच ठावं. भाऊबीजेला ती माहेरी घाटनांदूरला गेलती. आल्यावर बघतो तर हे असं. म्या तिच्या बापाला फोन केला, तुमची पोरगी घेऊन जा म्हणून."

एवढ्यावर थांबले असते तर बरं. त्यांनी ही गोष्ट गल्लीत आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनाही सांगितली होती. लग्नाला वर्षही न झालेल्या पोरीवर चोरीचा शिक्का बसला होता.

मी फिर्याद लिहून घेतली. टोचा नेमका कुठं, किती, हे त्यात उतरवलं, पण आरोपी अज्ञात ठेवला. आप्पा चिडले. "का म्हून? मी सांगतोय की तुमाला!"

"सांगणं तुमचं काम, शोधणं आमचं," म्हटलं. त्या खुर्चीत बसून मी असं बोलायला कधी कचरलो नाही.

पंचांसमोर नाणं ताब्यात घेतलं आणि गावातल्या घड्याळजीकडून भिंग मागवलं. आप्पांनी नाण्याचा दर्शनी भाग शंभरदा पाहिला असेल. मी कड पाहिली. वाहनाच्या नंबरप्लेटपेक्षा तिच्या स्क्रूकडे आधी बघायची मला सवय. नाण्याच्या कडेला बारीक दाते असतात. त्या दातांच्या फटीत लाल काहीतरी अडकलं होतं. सुईच्या टोकानं कागदावर काढलं. कुंकू.

"आप्पा, तुमच्याकडे लक्ष्मीपूजनात नाण्याला काय लावतात?"

"विभूती. आमच्या घरात नाण्याला कुंकू न्हाई लावत."

"आणि सुनेच्या माहेरी?"

"तिकडंबी विभूतीच," म्हणाले आणि स्वतःच भिंगातून कड बघू लागले.

सुनेला मी ठाण्यात बोलावलं नाही. महिला शिपाई सोबत घेऊन घरी गेलो. ती खोलीत बॅग भरत होती. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"साहेब, मला त्या नाण्याचं काय कौतुक? माझ्या हातून बिघडलं असतं तर मीच सांगितलं असतं. फरशी पुसताना यांचं घड्याळ फुटलं, ते बी मीच सांगितलतं."

"तुझा कुणावर संशय?"

"मी कुणाचं नाव घेऊ? माझं घेतलं तेवढं बास झालं."

माझा अनुभव असा, की आपण विचारायच्या आधीच चोर दुसऱ्याचं नाव देतो. या पोरीनं विचारूनही दिलं नाही. मी तिला म्हटलं, "बॅग भर किंवा नको भरू, पण माझा शब्द येईपर्यंत या घरातून हलू नकोस."

दिवाळीत घरी कोण कोण आलं, हे आप्पांना विचारलं. फराळाला त्यांचा कापड दुकानवाला दोस्त आला होता. दोघांनी मिळूनच हा छंद लावून घेतलेला. आप्पांनी त्याला कपाट उघडून नाणी दाखवली आणि मधेच दुकानावरून हाक आली म्हणून ते उठून गेले.

"त्याच्यावर शक घेऊ नका साहेब. लई जिवाचा दोस्त हाय. आन् त्याच्याकडं तर असलंच नाणं हाय."

हे शेवटचं वाक्य मी मनात ठेवलं.

सराफा लाइनीत माझा एक जुना खबऱ्या होता. असल्या नाण्यावर नजर ठेव, असं त्याला सांगून ठेवलं होतं. त्याचा लवकरच फोन आला. "साहेब, नाणेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आलाय. विकायला काढलंय. लिहिलंय, घेतल्यापासून डबीबाहेर काढलेलं नाही." फोटो मोठा करून पाहिला. सालाच्या आकड्याखाली खसखशीएवढा टोचा. आणि टाकणारा तोच दोस्त.

तरी मी त्याला लगेच उचललं नाही. कुणीही वकील म्हणाला असता, टोचा काय, कुठल्याही नाण्याला असू शकतो. मी साध्या कपड्यांत त्याच्या घरी गेलो. तो दुकानात होता. त्याच्या आईनं मला नाणी बघायला आलेला समजून पाणी दिलं.

"मावशी, चांदीचं नाणं पूजेला ठेवता का?"

म्हातारी खुलली. "ठेवती की! दर दिवाळीला. पोराचं लई भारी नाणं हाय. चिंच लावून चांगलं घासती, कुंकू लावती. तो रागावतो, पण लक्ष्मी काय डबीत कोंडायची असती का?"

आम्ही दोस्ताला नोटीस देऊन बोलावलं, त्याच्याकडचं नाणं पंचनाम्यानं जप्त केलं आणि दोन्ही नाणी टेबलावर शेजारी ठेवली. दरडावलं नाही, चहा मागवला.

"तुम्ही जाणकार. याला किती गुण?"

गडी खुलला. आप्पांच्या डबीतलं नाणं त्यानं बाजूला सारलं. "हे घासलेलं. याला कोण विचारतंय?" मग दुसरं भिंगाखाली धरलं. "हे एकोणसत्तर. हा टोचा नसता तर पुरे सत्तर."

"हे तुमचं?"

"माझंच. कधीच डबीबाहेर काढलं न्हाई."

"मग आई दर दिवाळीला चिंच लावून कुठलं नाणं घासतात?"

त्यानं भिंग खाली ठेवलं. मी फिर्याद पुढे सरकवली आणि टोच्याचं वर्णन वाचून दाखवलं. घासलेल्या नाण्याच्या फटीतलं कुंकू दाखवलं. त्याचा चेहरा पडला.

"आईला काय बोलणार साहेब? ती देव समजून घासायची आन् माझं नाणं मातीत जायचं. आप्पाचं तसंच कोरं. सोसलं न्हाई."

"आणि त्या पोरीचं काय?"

"मला वाटलं, घरातल्या घरात मिटंल."

त्याचा सविस्तर जबाब झाला, दोषारोपपत्र गेलं. वरिष्ठांनी तपासाचं कौतुक केलं, ते प्रशस्तिपत्र अजून माझ्या कपाटात आहे. पण माझी खरी कमाई वेगळीच.

आप्पा घरी सगळ्यांसमोर सुनेपुढे हात जोडून उभे राहिले. तिनं त्यांना वाकूही दिलं नाही, पण माफीही लगेच दिली नाही. ती माझ्याकडे वळली.

"साहेब, गल्लीत सगळ्यांनी ऐकलं, मी चोर. माझ्या बापानं फोनवर ऐकलं. आता मी चोर न्हाई, हे कोण सांगणार? घरातले सांगतील तर लोक म्हणतील, झाकायलेत."

तिचं म्हणणं अगदी खरं होतं. गुन्हा उघडकीस आला की आमचं काम संपतं, असं आम्ही पोलीस समजतो. आरोपीचं नाव कागदावर आलं की फाइल पुढे सरकते, आणि ज्याच्यावर खोटा आळ आला तो माणूस मागेच राहतो. हे मला त्या पोरीनं शिकवलं. पुढच्या सगळ्या नोकरीत, ज्याचं नाव संशयात आलं आणि जो निर्दोष निघाला, त्याच्या दारात मी स्वतः गेलो.

सुरुवात तिच्यापासून केली. गणवेश चढवला, जीप काढली, तिला आणि आप्पांना मागे बसवलं. आधी चौसाळ्याच्या त्या गल्लीत थांबलो, मग घाटनांदूरला बाजार भरला होता तिथं. तिचा बाप खाली मान घालून आला. मी टोपी नीट केली आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तुमच्या मुलीनं चोरी केलेली नाही. तपास मी केलाय."

बापानं मान वर केली आणि भर बाजारात लेकीचा हात धरला.