गोंडीतली प्रार्थना

सेलूजवळच्या आमच्या छोट्या चर्चचे पास्टर सांगतात कमी, विचारतात जास्त. कुणी बोलू लागलं की चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "मले नीट समजलं नाई, पुन्हा सांगा." कमिटीच्या बैठकीत मला त्याचा वैताग यायचा.

एक गोंड म्हातारी दर रविवारी यायची, पण प्रार्थनेची पाळी आली की मान खाली घालून गप्प राहायची. "तिचा विश्वासच नाई, तिले सभासद काऊन करायचं?" असं म्हणणाऱ्यांत मीही होतो.  पास्टर तिच्या घरी गेले आणि दुपारभर बसून आले.

पुढच्या रविवारी त्यांनी चक्क गोंडीत प्रार्थना सुरू केली. पहिल्याच वाक्यात काहीतरी भलतंच बोलून गेले असावेत, कारण म्हातारी तोंडाला पदर लावून खदखदून हसली.

"तुमाले नाई जमत जी, सरका!" म्हणत ती उठली आणि स्वतःच गोंडीत प्रार्थना करू लागली. कितीतरी वेळ थांबेचना. पास्टर तिच्या पायाशी सतरंजीवर बसून हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होते.

मला एकही शब्द कळला नाही. तरी ती थांबल्यावर सगळ्यांत मोठ्यांदा 'आमेन' मीच म्हणालो.