सुतळीची वेणी

दर दुसऱ्या-चौथ्या शनिवारी तो नरडाण्याला जळगावच्या एसटीत चढायचा. मांडीवर सुतळीचे तीन पदर गुंफायचा, सोडायचा, पुन्हा गुंफायचा. मला वाटलं, बैलासाठी दावं वळतोय. विचारलं तर लाजला.

"पोरनी वेणी शे, भाऊ. मागला टाइमले ढिली पडनी."

घटस्फोटाची केस चालू होती. लेकीला भेटायला कोर्टाने दोनच तास दिले होते.

"आणि त्यात वेणी घालत बसता?"

"दोन तास सरी जातस," पदर करकचून ओढत तो म्हणाला. "वेणी दुसरा दिनना सकायपावत राहस."

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी भजी पुढे केली. त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. लेकीच्या केसांचं खोबरेल अजून बोटांवर होतं.