डाळिंबाची पलीकडची बाजू

कवळीमास्तरांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांचे दात केले. दवाखान्यांतून मापं यायची आणि दोन खिडक्यांच्या एका खोलीत बसून मास्तर त्या मापांच्या कवळ्या घडवायचे. कुणाच्या हिरडीला कवळी टोचतेय असा निरोप आला, की त्या दिवशी त्यांना अन्न गोड लागत नसे. माणूस सरळ, पण कामाच्या बाबतीत केसभरही चूक न खपवणारा. हे वळण त्यांना त्यांच्या उस्तादांनी लावलं होतं. पहिली कवळी घेऊन मास्तर मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे गेले, तेव्हा उस्ताद एवढंच म्हणाले होते की हिच्यातले दोष आधी तू सांग, गिऱ्हाइकावर ती वेळ आणू नकोस. त्या एका वाक्यावर आपलं घर चाललं, असं मास्तर अजूनही सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज हळवा होतो.

काम सुटल्यावर हा सगळा काटेकोरपणा गॅलरीतल्या झाडांच्या वाट्याला आला. झाडं म्हणजे बोन्साय, उथळ कुंड्यांतली, हातभर उंचीची, एकूण अकरा. वर्षातून एकदा, पानं गळून फांद्या उघड्या पडल्या की मास्तर एक अख्खा दिवस राखून ठेवत. पानं असताना झाड खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी ते खुर्ची टाकून एकेका झाडासमोर बसत, आधी नुसतं बघत, मग एक डोळा मिटून बघत आणि मग वहीत त्याचे दोष लिहीत. दोन फांद्या एकाच उंचीवर. शेंडा जड. मुळं एकाच अंगाला. वहीत कौतुकाला बंदी होती. त्यासाठी पाहुणे आहेतच की, असं ते म्हणत. बायको या दिवसाला वार्षिक परीक्षा म्हणायची आणि नापास झालेल्यांना दुपारी गुपचूप जास्तीचं पाणी पाजायची.

हसायचं असेल तर हसा, पण त्या वहीने झाडं सुधारली. मागच्या वर्षीचा दोष यंदा खोडता आला, की मास्तर त्यावर इतक्या प्रेमाने रेघ मारत की जणू कुणाचं दुखणं बरं झालंय.

अडलं ते एका डाळिंबापाशी. ते सगळ्यात जुनं, कुणीतरी छाटून टाकलेल्या काडीपासून चोवीस वर्षं वाढवलेलं. पूर्वी पाहुण्यांना आधी तेच दाखवलं जाई. पण गेली तीन वर्षं त्याचं पान दोषांनी भरत चाललं होतं. खुर्चीच्या बाजूच्या फांद्या विरळ झाल्या होत्या, दोन तर वाळल्याच. शेंडा असा पलीकडे झुकलेला, की झाड रुसून पाठ फिरवून बसल्यासारखं दिसे. खत झालं, औषध झालं, माती वरवर उकरून झाली, पण उपयोग शून्य. शेवटी यंदा मास्तरांनी यादीखाली लिहिलं: ‘बुंधा वीतभर ठेवून वरचं सगळं कापणे. नव्याने सुरुवात.’

नव्याने सुरुवात म्हणजे झाडाला रूप यायला दहा-बारा वर्षं. मास्तर एकोणसत्तरीचे. हा हिशेब त्यांना येत नव्हता असं नाही. पण वाईटाला वाईट म्हणायचं नाही, हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं. वाक्य लिहून झाल्यावर ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले.

बायकोने ते पान वाचलं. चाळीस वर्षं आपणही यांच्या समोरच बसलोय, आपल्या नावाचं पान तेवढं उघडू नये, असं ती म्हणाली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी करवत काढून पुसायला घेतली. तेव्हा ती म्हणाली की झाड काय कुठे पळून जात नाही, आधी शिवणवाल्या ताईंकडून आपली पँट घेऊन यावी. तिचा गुडघा सुजला होता, नाहीतर असली कामं तीच करायची. त्या गुडघ्याचे उपकार मास्तर आज जाहीरपणे मानतात, आणि तिला ते मुळीच आवडत नाही.

शिवणवाल्या ताई गल्लीच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर राहत. मास्तर त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. ताई खिडकीला चिकटून ठेवलेल्या मशीनवर पँटचीच पट्टी मारत होत्या. त्यांनी मानेनेच स्टूल दाखवलं. मास्तर बसले आणि सहज खिडकीबाहेर बघू लागले.

समोरच्या एका गॅलरीत एक झाड होतं. मास्तर स्टुलावरून अर्धे उठले. बुंधा पायथ्याशी रुंद आणि वर निमुळता होत गेलेला, फांद्या एकाआड एक, प्रत्येकीला आपापली जागा, आणि शेंडा किंचित पुढे वाकलेला, दारात आलेल्या माणसाला या म्हणावं तसा. दोष काढायचा म्हटलं तर सुरुवात कुठून करावी कळेना. या गल्लीत आपल्याशिवाय आणखी कुणीतरी हे करतंय आणि आपल्याहून चांगलं करतंय, या विचाराने त्यांचा चक्क जळफळाट झाला. मग त्यांना झाडामागे दोरीवर वाळत घातलेला बनियन दिसला. खांद्यापाशी भोक असलेला. चोवीस वर्षांचं झाड ओळखता आलं नाही, बनियन मात्र लगेच ओळखला.

तरीही त्यांनी विचारलंच, की ते झाड कुणाचं.

“तुमचंच की,” ताई मान वर न करता म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की डोळे शिणले की त्या तिकडेच बघतात. पूर्वी झाड दर आठवड्याला थोडं फिरलेलं दिसायचं, कधी पाठ, कधी पोट. आता तीन वर्षं ते एका जागी आहे आणि हळूहळू इकडेच वळत आलंय. मास्तरांनी मुद्दामच तसं केलं असेल, असं त्यांना वाटत होतं.

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीन वर्षांपूर्वी वाऱ्याने एक कुंडी खाली पडून फुटली, तेव्हा त्यांनी सगळ्या कुंड्या तारेने फळीला बांधून टाकल्या होत्या. त्याआधी दर रविवारी प्रत्येक कुंडी पाव वळण फिरवली जायची. नंतर ती गाठ दर आठवड्याला कोण सोडणार? बाकीच्या कुंड्या आत भिंतीशी होत्या, त्या निभावल्या. कठड्यालगतच्या फळीवरचं डाळिंब बिचारं उजेडाकडे गेलं. मास्तर मात्र अंधाराच्या बाजूला खुर्ची टाकून त्याला नावं ठेवत राहिले. कुंडी फिरवत राहा, हे त्यांनीच आजवर वीस जणांना शिकवलं होतं.

त्यांनी ताईंना सगळं सांगितलं, करवतीसकट. ताईंनी मशीन थांबवलं.

“मास्तर, तुम्ही अस्तराकडून कोट बघत होतात.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते हसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. पँट घेऊन निघाले, तेव्हा ताई जरा घुटमळल्या.

“एक सांगू? त्या उजव्या फांदीला तार आहे. आत रुतलीय. मला बघवत नाही.”

फांदीला वळण यावं म्हणून तीन वर्षांपूर्वी गुंडाळलेली तार. चार-सहा महिन्यांत काढायची असते ती. कुंडी बांधली गेली, ती बाजू दिसेनाशी झाली आणि तार राहिली. दुसऱ्याच्या हिरडीला टोचू नये म्हणून जन्मभर जपलेला हा माणूस दारातच उभा राहिला.

“आधी का नाही सांगितलंत, ताई?”

“तुम्ही तिथे वही घेऊन बसता. इतकं बारकाईने बघणाऱ्याला माहीत असणारच, असं वाटलं.”

मास्तर घरी गेले, गाठ सोडली आणि झाड पोटाशी धरून, दोन जिने उतरून आणि दोन चढून ताईंकडे परत आले. ताईंनी मशीनशेजारचं कापड बाजूला केलं आणि कुंडी धरली. तार उलगडली तर साल सोलून निघते, म्हणून मास्तरांनी ती बारीक पक्कडीने तुकडे तुकडे करत कापली. एक तुकडा इतका खोल होता, की तो तसाच ठेवावा लागला. फांदीभर जिन्यासारखा वळत गेलेला खळगा उघडा पडला. हा आता जायचा नाही, मास्तर म्हणाले. मग हातातली पक्कड खाली ठेवून ते म्हणाले, “तुमचे फार उपकार झाले, ताई. झाड वाचलं आणि मीही.”

ताई संकोचल्या. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी कुंडी हळूहळू पूर्ण फिरवली, आरशापुढे गिऱ्हाइकाला फिरवतात तशी, आणि मध्येच थांबल्या.

“आणखी एक दिसतंय,” त्या म्हणाल्या. “बोलू का?”

मास्तरांनी स्टूल जवळ ओढलं आणि बसले.

“बोला,” ते म्हणाले. “सगळं बोला.”