नेव्हेना आणि व्रात्साची गालेना

माझा भाऊ स्तामेन यांबोल ते बुर्गास बस चालवायचा. जन्मभर परक्यांच्या पोरीबाळींना सुखरूप घरी पोचवणाऱ्या या माणसाला स्वतःची पोरगी मात्र एकटी गावाबाहेर गेलेली चालत नव्हती. म्हणून नेव्हेना टेनिसच्या स्पर्धांना जायला लागली, तशी तिच्याबरोबर मीही निघाले. आमचा मोज्यांचा कारखाना बंद पडला होता, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

"मिन्का, तू तशी रिकामीच आहेस ना?" स्तामेनने विचारलं.

मला राग आला. रिकामी म्हणजे काय? पण दोन दिवसांनी मीच पिशवी भरून त्याच्या दारात उभी राहिले.

नेव्हेना टेनिसकडे वळली ती कुणी वळवली म्हणून नव्हे. तिची आई दोन्का इस्पितळात नर्स, आणि इस्पितळाच्या मागच्या अंगाला, तुंजा नदीच्या काठी, लाल मातीची तीन कोर्टं. आईची ड्यूटी संपेपर्यंत पोरगी तिथे बसायची. तिथल्या मेतोदी मास्तरांनी एका जुन्या रॅकेटची मूठ कापून आखूड केली आणि तिच्या हातात दिली. वर्षभराने ते स्तामेनला म्हणाले, "तुझी पोर चेंडू मारत नाही, नुसता परत करते. समोरची वैतागून जीव देईल एक दिवस."

"मग हे चांगलं की वाईट?" स्तामेनने विचारलं.

"समोरचीला वाईट," मास्तर म्हणाले.

आणि खरंच, चणीने लहान, पायांत भिंगरी असलेली ही पोर काहीही परत करायची. प्लेव्हेनला देशातल्या मुलींच्या स्पर्धेत ती थेट अंतिम फेरीत गेली. समोर होती व्रात्साची गालेना. ताडमाड उंच, पाठीवर जाड वेणी, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही, आणि सर्व्हिस अशी की चेंडू दिसायच्या आधी ऐकू यायचा. सामना दुपारभर चालला. शेवटी नेव्हेनाला जिंकायला एकच गुण हवा होता, तेव्हा गालेनाचा चेंडू मागच्या रेषेपाशी पडला.

"बाहेर!" नेव्हेना ओरडली.

गालेना जाळीपाशी आली. "खूण दाखव."

नेव्हेनाने रॅकेटच्या टोकाने मातीतली खूण दाखवली.

"ही मघाची आहे. माझी बाजूची, ती बघ, रेषेवरची."

पंच आले, वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले, आणि त्यांनी निकाल नेव्हेनाच्या बाजूने दिला.

"खोटारडी!" गालेना म्हणाली.

"रडकी!" नेव्हेना म्हणाली.

हात न मिळवता दोघी दोन दिशांना गेल्या. मी नेमकी त्या वेळी थर्मासमधून चहा ओतत होते. चेंडू कुठे पडला हे मला आजही सांगता येत नाही, आणि लोक विचारतात मात्र मलाच.

पुढे दोघीही व्यावसायिक झाल्या. तुम्हाला वाटेल विमानं, हॉटेलं, फुलांचे गुच्छ. आम्ही बघितल्या त्या रात्रभर धावणाऱ्या बसगाड्या, तुर्कस्तानातली, रुमानियातली, मॅसिडोनियातली गावं, आणि बेसिनमध्ये धुऊन खिडकीत वाळत घातलेले स्कर्ट. मला मात्र ते सगळं फार आवडलं. खोटं कशाला बोलू? मोज्यांना टाचा शिवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता रोज नवा बाजार, नवा ब्रेड, नवी भांडणं. नेव्हेना हरली की आम्ही गाव बघायचो. जिंकली की गाव बघायला सवड मिळायची नाही, पण तिला झोप छान लागायची. क्रमवारीतलं तिचं नाव वर चढायचं, खाली यायचं, पुन्हा चढायचं. शंभराच्या आत ते कधी पोचलं नाही. अंतल्याला ती एकदा एकेरीची स्पर्धाच जिंकली, तेव्हा स्तामेनने बस थांब्यावर उभी करून प्रवाशांना ही बातमी सांगितली. त्यावर एक म्हातारी म्हणाली, "छान झालं हो, पण आता चला, माझी दुधाची किटली उन्हात तापतेय."

या सगळ्यात एकच खडा दाताखाली यायचा. जिथे आम्ही, तिथे गालेना. तीच स्पर्धा, तीच न्याहारीची खोली, आणि पाठीला पाठ लावून बसलेल्या दोघी. विळ्या-भोपळ्याचं सख्य! रुमानियाच्या मुली मला विचारायच्या, "या दोघी एकाच देशाच्या ना?" मी म्हणायची, "म्हणून तर."

असं कितीतरी वर्षं चाललं. मग सर्बियातल्या एका गावी नेव्हेना एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरली, आणि दुहेरीतली तिची जोडीदारीण पोट बिघडून अंथरुणाला खिळली. त्याच सकाळी गालेनाच्या जोडीदारणीचा घोटा मुरगळला. जोड्यांची नावं नोंदवायची खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता.

नेव्हेनाने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिने ओळखलं. "आत्या, तू तिला विचारलंस, तर मी संध्याकाळच्या बसने घरी जाईन."

"जा की. संध्याकाळ व्हायला अजून वेळ आहे. तोवर मी विचारून घेते."

गालेना बाकावर बसून रॅकेटच्या मुठीला पट्टी गुंडाळत होती. तिच्याबरोबर कुणी नसायचं. आई लहानपणीच गेलेली, बाप इटलीत बांधकामावर. मी तिच्या शेजारी बसले आणि डबा उघडला. आदल्या दिवशी घरमालकिणीच्या भट्टीत मी चीज घालून पापुद्र्यांची बानित्सा भाजली होती.

"काय गं, जेवलीस का?"

"जेवले."

"काय जेवलीस?"

मग तिने एक तुकडा उचलला, मग दुसरा. तिसरा उचलताना म्हणाली, "मिन्का आत्या, तुमच्या भाचीने मला रडकी म्हटलंय."

"आणि तू तिला खोटारडी. फिट्टंफाट. ऊठ, खिडकी बंद होईल."

"तिला चालणार आहे का?"

"तिला विचारलंय कुणी?"

तर अशा रीतीने दोघी कोर्टावर एकाच बाजूला उभ्या राहिल्या. पहिला सेट म्हणजे शोकसभा. एक शब्द नाही, एक नजर नाही. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला एक चेंडू दोघींच्या बरोबर मधून गेला. हिला वाटलं ती घेईल, तिला वाटलं ही घेईल.

"तोंड आहे ना तुला? ओरडायचं होतंस, 'माझा' म्हणून!" गालेना कडाडली.

"तूही काही मुकी नाहीस!" नेव्हेना तिच्यावर उलटली.

एवढंच बोलणं झालं, पण बांध फुटला. त्यानंतर दोघी अशा ओरडायला लागल्या की शेजारच्या कोर्टावरच्यांनी तक्रार केली. आणि खेळ! गालेनाने सर्व्हिस ठोकायची, समोरचीने कसाबसा चेंडू उचलायचा, आणि जाळीपाशी मांजरीसारख्या दबा धरून बसलेल्या नेव्हेनाने तो खाली टाकायचा. गालेनाला वाकायचा कंटाळा, नेव्हेनाला उंची नाही. एकीचं उणं ते दुसरीचं दुणं. सामना त्यांनी जिंकला.

त्या संध्याकाळी आम्ही तिघी घेवड्याचं सूप घेऊन बसलो होतो. गालेनाने चमचा खाली ठेवला.

"एक सांगू? प्लेव्हेनचा तो चेंडू आत होता."

नेव्हेना शांतपणे म्हणाली, "बाहेर होता."

"आत."

"बाहेर."

"आत होता, आणि तुलाही ते माहीत आहे."

"बाहेर होता, आणि तू अजून रडतेयस." असं म्हणताना नेव्हेनालाच हसू फुटलं, सूप नाकात गेलं, आणि ती ठसकायला लागली. गालेनाने तिच्या पाठीत एवढ्या जोरात थापा मारल्या की मला वाटलं, ती आता सगळ्या वर्षांचा हिशेब चुकता करतेय. पण तीही हसत होती. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. पुढच्या दातांमध्ये छानशी फट होती.

सर्बियातली ती स्पर्धा जिंकूनच त्या परतल्या. पुढची वर्षं आमची फार मजेची गेली. आता डबा तिघींचा भरायचा. नेव्हेनाचं लग्न झालं, एका गुरांच्या डॉक्टरशी, प्लामेन त्याचं नाव. लग्नात व्हायोलिनवाला दमला, पण गालेना नाचायची थांबेना. दुहेरीत दोघींचं नाव हळूहळू वर सरकत गेलं, आणि एका वसंतात पॅरिसहून निरोप आला: मोठ्या स्पर्धेतली एक जोडी आजारी पडली आहे, तुमची जागा झाली आहे, ताबडतोब या.

स्तामेन तेव्हा नुकताच निवृत्त झाला होता. लेक एवढी खेळली, पण परदेशातला तिचा एकही सामना त्याने पाहिला नव्हता. तो म्हणाला, "मी येणार." दोन्काने त्याच्या बॅगेत सुकवलेलं सॉसेज भरलं, वर आमच्या परसातले कांदे ठेवले. पॅरिसमध्ये कांदे मिळत नाहीत असं तिला का वाटलं, हे आम्ही अजून विचारतो.

त्यांना मिळालं ते अगदी कोपऱ्यातलं कोर्ट, झाडांखाली, बसायला चार-दोन बाकडी. सामना सुरू झाला आणि स्तामेनने माझा दंड धरला तो सोडलाच नाही. पहिला सेट गेला. दुसरा आला. तिसऱ्यात गालेनाची सर्व्हिस अशी बसायला लागली की पलीकडच्या दोघी एकमेकींकडे बघायच्या. शेवटचा चेंडू नेव्हेनाने जाळीवरून अलगद खाली ठेवला. स्तामेन उठून उभा राहिला. टाळ्या नाहीत, ओरडणं नाही. नुसता उभा.

"अरे, ती जिंकली!" मी म्हटलं.

"दिसतंय मला. मी आंधळा आहे का?" तो म्हणाला, आणि नाक शिंकरायला त्याने खिशातून काढला तो दोन्काने कांद्याला गुंडाळलेला फडका. सगळ्या बाकड्यांवर वास सुटला.

पुढच्या फेरीत नामांकित जोडीने आमच्या पोरींना अगदी सहज हरवलं. त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. संध्याकाळी आम्ही चौघं नदीकाठी बसून तेच सॉसेज आणि कांदे खाल्ले. गालेना म्हणाली, "स्तामेन काका, मोठ्या स्पर्धेत मी जिंकले तेव्हा बघायला माझ्याकडून कुणी नव्हतं असं आता मला म्हणता येणार नाही." स्तामेनने तिच्या ताटात सॉसेजचा सगळ्यात मोठा तुकडा ठेवला आणि म्हणाला, "खा. बडबड नंतर."

दोन हंगामांनी नेव्हेनाचा गुडघा कुरकुरायला लागला. तिने रडारड केली नाही. मेतोदी मास्तर थकले होते. नदीकाठची कोर्टं तिने चालवायला घेतली. गालेना व्रात्सात शिकवते. पण सप्टेंबर आला, लाल ढोबळ्या मिरच्या रसरसल्या, की ती आपल्या मोटारीतून आमच्या अंगणात उतरते, आणि आठवडाभर भाजणं, सोलणं, बरण्या भरणं चालतं.

गेल्या वर्षी शेजारची नवी सून कुंपणापाशी आली होती. तिने विचारलं, "नेव्हेना ताई, तुमचा सगळ्यात वरचा नंबर कितवा होता हो?"

नेव्हेना मिरची सोलता सोलता थबकली. "एकशे... थांब. गालेना, कितवा गं?"

"माझ्यापेक्षा एकाने खालचा," गालेना म्हणाली.

"वरचा!"

"खालचा. एकदा तरी खरं बोल."

सून बिचारी गोंधळून माझ्याकडे पाहायला लागली. मी तिला फाटकातून आत घेतलं, एक चाकू दिला, आणि टोपलीजवळची जागा दाखवली. हे दोघींचं जेवणापर्यंत चालणार होतं, आणि मिरच्या अजून अर्ध्याही सोलून झाल्या नव्हत्या.