नानांना सगळं माहीत असतं!

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. वेचणीच्या दिवसांत कपाशीतून नुसतं चालत गेलं तरी कपड्यांना पुंजके चिकटतात, तसं आमच्या पाचोऱ्याच्या स्पोकन इंग्लिश क्लासचं आहे. मोठी माणसं शिकायला येतात, मी शिकवते. आणि निम्मे किस्से एकट्या प्रल्हादनानांचे!

नाना केळीवाले शेतकरी, सत्तरीचे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "नाना, इंग्रजी कशासाठी शिकायचंय?"

"शिकायला कोण आलंय? तुमचं बरोबर चाललंय का, ते बघायला आलो!"

मी मुकाट हजेरीत त्यांचं नाव लिहून टाकलं.

* * *

शेवटी एकदा मी मुद्दाम धडाच तसा घेतला. सगळं कळतं असा तोरा मिरवणाऱ्यांना इंग्रजीत काय काय म्हणतात? फळ्यावर पहिला शब्द लिहिला, 'नो-इट-ऑल'. म्हटलं, नानांना आपोआप कळेल.

नाना उठून उभे राहिले. "सोपं आहे, मॅडम. ज्याला बठ्ठं माहीत शे, तो!" मग वर्गाकडे वळून हात जोडले. "म्हणजे मी."

वर्गाने टाळ्या वाजवल्या हो!

* * *

दुसरा शब्द 'स्मार्ट अ‍ॅलेक'. तेवढ्यात मला फोन आला, मी बाहेर गेले. तिथेच चुकलं.

"अ‍ॅलेक म्हणजे अ‍ॅलेक्झांडर," नानांनी वर्गाला समजावलं. "आपला सिकंदर. हुशार सिकंदर!"

आमचे अकीलभाई गादीवाले खूश झाले. त्यांच्या मुलाचं नावच सिकंदर! धुळ्याच्या एका मुलीशी त्याचं लग्न ठरत होतं. अकीलभाईंनी स्टेटस ठेवलं, 'माय सन सिकंदर इज अ स्मार्ट अ‍ॅलेक.'

मुलगी नेमकी इंग्लिश मीडियमची टीचर. धुळ्याहून फोन यायचे बंद झाले.

अकीलभाई माझ्याकडे आले, चेहरा पांढराफटक. "मॅडम, मैंने ऐसा क्या लिख दिया?"

"आगाऊ, अतिशहाणा," मी सांगितलं. त्यांनी आधी फोन काढून स्टेटस पुसलं.

मीच धुळ्याला फोन लावला, झाला प्रकार सांगितला. फोन मुलीने घेतला. हसू आवरेना तिला. "असू द्या मॅडम. मुलाचा दोष आधीच सांगणारा सासरा कुठे मिळतो?"

लग्न झालं. बिर्याणी खाता खाता नाना म्हणाले, "जमलं ना? माझ्याच शब्दामुळे!"

* * *

'वाइजेकर' म्हणजे उगाच शहाणपणाचा आव आणणारा. हे मी वर्गात नीट सांगितलं होतं. पण त्या दिवशी नाना गैरहजर! शब्द त्यांनी दुसऱ्याच्या वहीत वाचला आणि अर्थ स्वतः लावला. वाइज अधिक एकर, म्हणजे शहाणपणाने केलेली शेती.

केळीच्या बागेच्या गेटवर हे मोठं पेंट केलं, 'प्रल्हाद नाना, वाइजेकर'. मी बघितलं आणि गाडीवरून पडायचीच बाकी राहिले! तशीच डिक्शनरी घेऊन बागेत गेले.

नानांनी अर्थ वाचला, परत वाचला. मग खिशातून पेन काढलं आणि डिक्शनरीत खाडाखोड करून दुरुस्ती केली.

* * *

मग एका सकाळी वर्गात नानांना दरदरून घाम फुटला. हात छातीवर.

"पित्त आहे. मला माहीत आहे."

अकीलभाईंनी काही ऐकलं नाही. टेम्पोत नव्या गाद्या होत्या, त्यावर नानांना झोपवलं आणि गाडी जळगावच्या दिशेने सोडली. मी उशाशी. नाना क्षीण आवाजात म्हणाले, "या गादीत जुना कापूस मिसळलाय."

स्टिअरिंगवर अकीलभाई रडत होते. "नाना, जितनी गलतियाँ निकालनी हैं निकालो! बस, बोलते रहो!"

हार्ट अटॅकच होता. वेळेवर पोहोचलो म्हणून निभावलं. "ईसीजी उलटा धरलाय का बघा," हे नानांनी डॉक्टरांना स्ट्रेचरवरून सुनावलं ते वेगळंच!

दुसऱ्या दिवशी भेटायला गेले. पलंगाजवळ त्यांच्या पत्नी, अक्का, बसलेल्या. रात्र त्यांनी धीराने काढली होती, डोळ्यांतून टिपूस नाही.

मी हळूच विचारलं, "नाना, काय झालं होतं हो नेमकं?"

नाना म्हणाले, "मला माहीत नाही, मॅडम."

अक्का ताडकन उठल्या, हंबरडा फोडला आणि दाराकडे धावल्या. "डाक्टरले बलावा वं माय! यासले काहीतरी व्हयी गयं!"