चेहऱ्यांचे फोटो

माझी आई गेली त्या दिवशी, तिला अजून उचललंही नव्हतं, तेव्हा ह्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "जेवायला काय केलंय?" पेपर मिलमध्ये तीस वर्षं माणसं सांभाळलेला माझा नवरा! मी ह्यांच्याशी बोलणंच टाकलं.

पुढे विचित्र वागणं वाढत गेलं, तेव्हा मुलगी हट्टाने आम्हाला बुऱ्हाणपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी ह्यांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. रडणारी बाई पाहून हे म्हणाले, "साडी निळी आहे." रागावलेला माणूस ह्यांना हसरा वाटला. ते ऐकता ऐकता माझे डोळे वाहू लागले.

"आता इकडे बघा," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मिसेसना काय होतंय?"

ह्यांनी मला नीट निरखून पाहिलं. "सर्दी झाली हिला."

दुसऱ्याचं मन ओळखणारा मेंदूचा भागच झिजत चाललाय, असं डॉक्टरांनी समजावलं. आठ महिने मी ह्यांच्यावर रुसले होते आणि ह्यांना ते कळलंच नव्हतं.

आता मी तोंडाने सांगते, "आज आईची फार आठवण येतेय, वाईट वाटतंय मला."

"अच्छा," हे म्हणतात आणि केळं सोलून खाऊ लागतात. मी शेजारी बसून राहते.