सोयाबीनच्या कडेचे गोटे

आमच्या गावात सोयाबीन रस्त्यावर वाळतं. शेलूबाजारकडे जाणारी डांबरी सडक गावाला लागूनच आहे आणि ती तापते चांगली. माल जरा ओला राहिला की बाजारात व्यापारी दाणा दाताखाली धरतो, तोंड वाकडं करतो आणि भाव पाडतो. म्हणून काढणी झाली की अर्धी सडक पिवळी होते. त्या पिवळ्यावरून कोणाचं चाक जाऊ नये म्हणून कडेने डोक्याएवढे गोटे मांडतात. संध्याकाळी सोयाबीन पोत्यांत भरून घरी जातं, गोटे मात्र तिथेच राहतात, कारण ते उद्या पुन्हा लागणार असतात. यात काही चूक आहे असं कोणी म्हणत नाही. मी म्हणते, म्हणून गावात मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत.

माझा नवरा ट्रक चालवायचा. घरी मी त्याला अहो-जाहो करते, पण लिहिताना ‘तो’ लिहिणार आहे; त्याला विचारलं, त्याची हरकत नाही. वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावलेला आमचा मळा मी बघायची, तो एका व्यापाऱ्याची गाडी चालवायचा. त्या दिवशी खताची पोती घेऊन येताना, दिवस मावळता मावळता, गावाजवळच्या वळणावर गाडी नाल्यात उलटली. पोती जास्त भरली होती आणि मागचे टायर घासून गुळगुळीत झाले होते. हे मला ठाऊक होतं आणि गाडीच्या मालकालाही ठाऊक होतं. त्याच्याशीही मी भांडले, पण ते भांडण सोपं होतं, कारण तो आमचा कोणी लागत नव्हता.

अवघड भांडण घरातलं होतं. नवऱ्याला केबिनमधून ओढून काढलं ते माझ्या चुलत सासऱ्यांनी. आम्ही सुना त्यांना मामाजी म्हणतो. स्वतःच्या वयाचा विचार न करता त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि जीपपर्यंत आणलं. आणखी उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता, असं वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं. ते उपकार मी नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आले, तेव्हा वाटेत वळणावर थांबले. सडकेवर एकही गोटा नव्हता. काढणीच्या हंगामात असं कधी होत नाही. खाली वाकून पाहिलं तर सगळे गोटे नाल्यात, ताजे फेकलेले, काहींना अजून सोयाबीनची टरफलं चिकटलेली. त्या वळणावर सोयाबीन वाळत होतं ते मामाजींचं. पोलिसांनी येऊन मोकळी सडक पाहिली आणि चालकाचा ताबा सुटला असं ठरवून ते निघून गेले.

मग गाव बोलायला लागलं. कोणी म्हणालं झोप लागली असन, कोणी म्हणालं घेतली असन थोडी. माझा नवरा दारूला शिवत नाही. पायात सळई टाकली, पाय जुळला, थोडा लंगडतो एवढंच. पण झोपणारा ड्रायव्हर म्हणून नाव झालं आणि कोणी त्याच्या हातात गाडीची चावी देईना. तेही मी सोसलं असतं. हळूहळू तो स्वतःच म्हणायला लागला, “लागली असन बा झोप.” हे मला सोसवेना. इतकी वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस लोकांचं बोलणं स्वतःच्या तोंडून बोलतो, याचा मला संताप यायचा. मी म्हणायची, “तुमी झोपले नवते. मले म्हाईत हाय.” तो भिंतीकडे बघत बसायचा.

पुढच्या हंगामात पुन्हा सडक पिवळी झाली. त्याच वळणावर मामाजींचं सोयाबीन, पुन्हा कडेने गोटे. संध्याकाळी पोती घरी गेली, गोटे राहिले. मी मळ्यातलं घमेलं उचललं, ते गोटे भरभरून आणले आणि मामाजींच्या दारात रचायला सुरुवात केली. किती खेपा केल्या ते आठवत नाही, पण लोक जमायला बराच वेळ मिळाला.

मामाजी बाहेर आले. “काय मांडून राह्यली हे, सूनबाई?”

“तुमचेच हायेत, मामाजी. सडकीवर राह्यले होते, म्हनून आनून देऊन राह्यली.”

“याच पाठीवर आनलं म्या त्याले,” ते सगळ्यांकडे बघत म्हणाले. “त्याचे हे पांग फेडून राह्यली काय?”

वर्षभर मी याच वाक्याला घाबरत होते. जमलेल्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच कोणाला नाल्यात ढकललं होतं. मी म्हटलं, “पाठीवर आनलं ते खरं हाय. गोटे तुमचे होते तेबी खरं हाय. एकानं दुसरं खोटं होत नाई.”

तेवढ्यात नवरा लोकांतून वाट काढत पुढे आला. त्याला मी बोलावलं नव्हतं.

“काका, मले झोप लागली नवती,” तो म्हणाला. “गोटे चुकवासाठी गाडी वळवली. पडल्यावरबी मी जागाच होतो. पाय दबला होता. तुमचा आवाज वळखला, वाटलं, आलं आपलं मानूस. मंग नाल्यात गोटे पडाचा आवाज आला. एक पडला, मंग दुसरा, मंग अजून. मी वाट पाहून राह्यलो होतो.”

हे त्याने मलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. पाठीवर आणल्याच्या भिडेपोटी वर्षभर त्याने हे गिळलं होतं. मला मामाजींचा राग आला आणि त्याचा त्याहून जास्त आला.

मामाजी ओट्यावर बसले.

“मले भेव लागला होता रे बाप्पा,” ते म्हणाले.

“मलेबी लागला होता, काका,” नवरा म्हणाला. “मी तं आतमंधी होतो.”